युद्धातल्या अत्याचारांची तक्रार: पत्ता कुणाचा, कागद कसा

‘आंतरराष्ट्रीय समुदायाने तातडीने दखल घ्यावी.’ हे वाक्य कागदावर लिहा, कागद पाकिटात घाला आणि वर पत्ता लिहायला घ्या. हात तिथेच थांबतो. आंतरराष्ट्रीय समुदाय नावाचं कार्यालय कुठेच नाही. आहेत ती वेगवेगळी सरकारं, संस्था आणि न्यायालयं. प्रत्येकाची जबाबदारी वेगळ्या करारातून येते आणि प्रत्येकाचं दार वेगळ्या कागदाने उघडतं. जग गप्प बसलं तर त्यामागे स्वार्थ असतोच, त्याबद्दल वाद नाही. पण पुष्कळदा तक्रारही भलत्याच दारात पडलेली असते.

हे लिहिलंय ते अशा दारांपर्यंत पोचू पाहणाऱ्यांसाठी: छोट्या संघटनेतले कार्यकर्ते, पत्रकार, वकील, निर्वासितांसोबत काम करणारे, किंवा ज्यांची माणसं युद्धात अडकली आहेत असे कुणीही.

पायरी 1: गुन्ह्याला नाव द्या, पण मोठ्यात मोठा शब्द शोधू नका

युद्धातला प्रत्येक मृत्यू हा कायद्याने गुन्हा ठरत नाही. ऐकायला क्रूर वाटतं, पण इथून सुरुवात केली नाही तर पुढचा सगळा कागद कच्चा राहतो. 1949 चे चार जिनिव्हा करार आणि 1977 चे त्यांचे पूरक करार यांचा गाभा थोडक्यात असा: सैनिक आणि नागरिक यांत फरक करा, लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी बेसुमार होईल असा हल्ला करू नका, हल्ल्याआधी शक्य ती काळजी घ्या, आणि जो हाती लागला, जखमी झाला किंवा शरण आला त्याला हात लावू नका. देशांतर्गत युद्धालाही चारही करारांतलं सामाईक कलम 3 लागू होतं, म्हणजे ‘हा आमचा अंतर्गत मामला’ ही सबब तिथे चालत नाही.

रुग्णालयावर बॉम्ब पडला असेल तर ‘रुग्णालय उद्ध्वस्त’ एवढ्यावर थांबू नका. इमारतीवर खूण होती का, ती कुठून दिसत होती, जवळ सैनिक किंवा तोफा होत्या का, आधी इशारा मिळाला होता का, रुग्णालयाचं ठिकाण दोन्ही बाजूंना कळवलेलं होतं का? यातली काही उत्तरं आपल्या बाजूला गैरसोयीची असू शकतात. तरी ती लिहा. तुम्ही वगळलेली गोष्ट समोरचा वकील नक्की काढतो, आणि मग उरलेल्या नव्वद खऱ्या गोष्टींवरही संशय येतो.

तीन शब्द नीट वेगळे ठेवा. युद्धाचे नियम गंभीरपणे मोडणं हा युद्धगुन्हा. तो एका घटनेतही घडू शकतो. नागरिकांवर व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला चाललेला असेल आणि त्याचा भाग म्हणून हत्या, छळ, बलात्कार, हकालपट्टी होत असेल, तर तो मानवतेविरुद्धचा गुन्हा. त्यासाठी युद्ध चालू असण्याचीही गरज नाही. वंशसंहारात मात्र एखादा राष्ट्रीय, वांशिक, वंशीय किंवा धार्मिक गट, गट म्हणूनच, पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. हा हेतू सिद्ध करणं फार अवघड. तरीही जो तो याच शब्दाकडे धावतो, जणू बाकीचे दोन शब्द दुय्यम दर्जाचे आहेत. ते तसे नाहीत. जन्मठेप तिन्हींसाठी होऊ शकते.

एका बाबतीत मात्र वंशसंहाराचा शब्द लवकर उपयोगी पडतो, आणि ती बाब म्हणजे प्रतिबंध. 1948 च्या वंशसंहारविषयक कराराने सदस्य राष्ट्रांवर शिक्षा करण्याइतकीच तो रोखण्याचीही जबाबदारी टाकली आहे. बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा इथे जुलै 1995 मध्ये आठ हजारांहून अधिक बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्यावर राष्ट्राराष्ट्रांतले दावे ऐकणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 26 फेब्रुवारी 2007 रोजी निकाल दिला. वंशसंहार सर्बियाने स्वतः केला असं न्यायालय म्हणालं नाही; पण तो रोखण्याची जबाबदारी सर्बियाने मोडली, असं ठरवलं. ही जबाबदारी केव्हा सुरू होते? गंभीर धोका आहे हे राष्ट्राला कळलं, किंवा एरवी कळायला हवं होतं, त्या क्षणी. आणि ज्याचं वजन जास्त, त्याच्याकडून अपेक्षाही जास्त. म्हणून तुमचा एखादा कागद अमुक तारखेला अमुक सरकारच्या टपालात पोचला, याची पोचपावती हाच एक पुरावा होऊन बसतो. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे दार ती पावती बंद करते. ती जपून ठेवा.

पायरी 2: नोंद. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

आधी माणूस, मग पुरावा. जबाब देणाऱ्याला विचारा: ही माहिती कुणाकुणाला द्यायची, नावासकट की नावाशिवाय, न्यायालयात लागली तर चालेल का, आणि उद्या मन बदललं तर? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगळं लिहून ठेवा. एकदा सही घेतली की झालं, असं नसतं.

एकाच पीडितेला पाच संघटनांनी पाच वेळा तीच हकीगत सांगायला लावणं हे आज सर्रास चालतं आणि त्यात दुहेरी नुकसान आहे. ती बाई पाच वेळा त्याच खोलीत परत जाते. शिवाय पाच जबाबांत तपशील थोडे थोडे बदलतात आणि बचाव पक्षाचा वकील नेमके तेच बदल वाचून दाखवतो. तुम्ही प्रशिक्षित चौकशी अधिकारी नसाल तर सविस्तर जबाब घेऊच नका. कोण, कुठे, केव्हा, संपर्क कसा करायचा आणि संमती कशाला आहे, एवढं टिपून पुढच्यासाठी वाट मोकळी ठेवा. लैंगिक अत्याचारांच्या बाबतीत हे शंभर टक्के लागू. त्यासाठी 2022 पासून ‘मुराद संहिता’ नावाची आचारसंहिता आहे, ती काम सुरू करण्याआधी वाचावी.

जबाब घेणं भागच असेल तर प्रश्न मोकळे विचारा. ‘सैनिकांनी तुला मारलं का?’ नको, ‘मग काय झालं?’ पुरे. त्याने स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं आणि अंदाजाने सांगितलेलं यांचे तीन वेगळे रकाने करा. मोबदला, मदतीचं आमिष, मध्यस्थाने साक्षीदाराची ‘तयारी करून घेणं’ यातलं काहीही नको. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या पहिल्याच खटल्यात, काँगोतल्या सशस्त्र गटाचा नेता थॉमस लुबांगा याच्या खटल्यात, अभियोक्ता कार्यालय (खटला चालवणारी बाजू) स्थानिक मध्यस्थांवर इतकं विसंबून राहिलं की माजी बालसैनिक म्हणून आलेल्या साक्षीदारांच्या साक्षी न्यायालयाला विश्वासार्ह मानता आल्या नाहीत. मार्च 2012 मध्ये लुबांगा दोषी ठरला तो इतर पुराव्यांवर, त्यात व्हिडिओही होते.

आता मोबाइलमधलं. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा. कापाकापी, उजळवणं, वर बाण काढणं हे सगळं प्रतीवर. गप्पांच्या ॲपवरून पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि त्यातली वेळ व ठिकाणाची माहिती बहुधा गळून पडते. म्हणून ज्याने टिपला त्याच्याकडून मूळ फाइलच मागा. फाइल हाती येताच तिचा हॅश काढा. हॅश म्हणजे त्या फाइलच्या अंगठ्याचा ठसा: एक बिंदू बदलला तरी ठसा बदलतो. मग वहीत लिहा: कुणाकडून, केव्हा, कशावरून मिळाली, त्यानंतर कुणाच्या हातात गेली. ही ताबा-साखळी कंटाळवाणी असते आणि नेमकी तीच तुटलेली सापडते.

समाजमाध्यमांवर दिसलेला व्हिडिओ दिसला त्याच दिवशी उतरवून घ्या. दुवा, खात्याचं नाव, तारीख, वेळ यांसकट. 2017 मध्ये यूट्यूबने हिंसक मजकूर ओळखणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेमुळे सीरियातल्या युद्धाचे असंख्य व्हिडिओ काढून टाकले होते. त्यातले काही परत मिळाले, सगळे नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातल्या महमूद अल-वेरफल्ली या कमांडरविरुद्ध अटक वॉरंट काढलं, तेही समाजमाध्यमांवर फिरलेल्या हत्यांच्या व्हिडिओंच्या आधारे. एकीकडे तीच चित्रफीत कचरा, दुसरीकडे वॉरंटचा आधार. अशा साहित्याची तपासणी कशी करावी यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने 2020 मध्ये ‘बर्कले प्रोटोकॉल’ आणला. मृत्यूच्या तपासासाठी मिनेसोटा प्रोटोकॉल आहे, छळाच्या वैद्यकीय नोंदीसाठी इस्तंबूल प्रोटोकॉल. सामूहिक कबर सापडली तर फोटो, ठिकाण, खुणा घ्या आणि मागे फिरा. खणू नका. भावनेच्या भरात उकरलेली कबर म्हणजे ओळख आणि पुरावा दोन्ही गेले.

आणि आता बहुतेकांच्या नोंदींत नसलेली गोष्ट. उद्ध्वस्त घराचे शंभर फोटो असतात. हल्ला कुणाच्या हुकुमावरून झाला हे सांगणारा एकही कागद नसतो. न्यायालयात अडतं ते इथे. म्हणून गणवेशावरच्या खुणा, वाहनांचे क्रमांक, तुकडीचं नाव, बिनतारी संदेशातली टोपणनावं, कोण कुणाला सलाम करत होतं, त्या भागाचा अधिकारी कोण आणि तो कधीपासून, हे टिपा. वरिष्ठ अधिकाऱ्याला हाताखालच्यांचे गुन्हे माहीत असून, किंवा माहीत असायला हवे असून, त्याने ते रोखले नाहीत तर तोही जबाबदार ठरतो. पण त्यासाठी आधी तो वरिष्ठ होता हे दाखवावं लागतं.

पायरी 3: दार निवडा

तातडी आहे की न्याय हवाय, हे आधी ठरवा. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत आणि कधी कधी एकमेकांना छेद देतात.

कुणी ताब्यात आहे, बेपत्ता आहे, जीव धोक्यात आहे, तर दोन ठिकाणं. पहिलं, रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती. ती कैद्यांना भेटते, हरवलेल्यांचा शोध घेते. पण तिचं काम गोपनीय असतं. तिने पाहिलेलं ती जाहीर करत नाही आणि तिचे कर्मचारी साक्षीलाही उभे राहत नाहीत. याच अटीवर तिला तुरुंगाचं दार उघडतं, म्हणून त्याबद्दल तिच्यावर चिडण्यात अर्थ नाही. दुसरं ठिकाण, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेचे विशेष प्रतिवेदक, म्हणजे परिषदेने नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ. छळ, बेकायदा हत्या, सक्तीने बेपत्ता करणं, मनमानी कैद अशा प्रत्येक विषयाला वेगळी यंत्रणा आहे. तिथे आपल्या देशातले सगळे उपाय संपवून यावं लागत नाही. प्रतिवेदक संबंधित सरकारला पत्र लिहितो. तातडीचं आवाहन लगेच जातं, आरोप कळवणाऱ्या साध्या पत्राला उत्तर द्यायला सरकारला सहसा 60 दिवस मिळतात. एक सावधगिरी: पीडिताचं नाव सरकारला कळवायचं की नाही हे अर्जातच विचारलेलं असतं. तो रकाना घाईत भरू नका.

व्यक्तींना शिक्षा हवी असेल तर हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आठवतं. ज्या करारातून ते उभं राहिलं त्या रोम कराराच्या कलम 15 खाली त्याच्या अभियोक्त्याला माहिती कुणीही पाठवू शकतं. वकील लागत नाही, शुल्क नाही. पण आधी तीन गोष्टी तपासा. गुन्हा 1 जुलै 2002 नंतरचा आहे का? तो सदस्य राष्ट्राच्या भूमीवर किंवा सदस्य राष्ट्राच्या नागरिकाने केला आहे का, की सुरक्षा परिषदेने प्रकरण सोपवलंय, किंवा त्या राष्ट्राने न्यायालयाचा अधिकार खास मान्य केलाय? आणि त्या देशातली न्यायव्यवस्था खरोखरच खटला चालवत आहे का? ती प्रामाणिकपणे चालवत असेल तर हेग हात घालत नाही.

दुसऱ्या प्रश्नावर अडलात तर नकाशा पुन्हा पाहा. म्यानमार सदस्य नाही, त्यामुळे रोहिंग्यांचं प्रकरण तिथे जाणारच नाही असं वाटत होतं. पण हकालपट्टीचा गुन्हा सीमा ओलांडल्यावर पुरा होतो, आणि सीमेपलीकडचा बांगलादेश सदस्य आहे. या मुद्द्यावर न्यायालयाने 2018 मध्ये अधिकार मान्य केला आणि नोव्हेंबर 2019 मध्ये तपासाला परवानगी दिली. त्याच महिन्यात गांबिया या छोट्याशा आफ्रिकी देशाने वंशसंहारविषयक कराराखाली म्यानमारला दुसऱ्या न्यायालयात, आंतरराष्ट्रीय न्यायालयात, खेचलं. 23 जानेवारी 2020 रोजी हंगामी आदेशही मिळाले. ही दोन न्यायालयं एकाच शहरात आहेत आणि बातम्यांत सतत एकमेकांच्या नावाने छापली जातात. एक माणसांवर खटले चालवतं, दुसरं राष्ट्राराष्ट्रांतले दावे ऐकतं. दुसऱ्याकडे तुम्ही स्वतः जाऊ शकत नाही. कुठल्या तरी सरकारला तयार करावं लागतं. ते सरकार शेजारचं किंवा बलाढ्यच असायला हवं असं मुळीच नाही, हे गांबियाने दाखवलं.

तिसरा रस्ता मला स्वतःला सगळ्यात आशादायक वाटतो: तिसऱ्याच देशातलं साधं न्यायालय. काही गुन्हे इतके गंभीर मानले जातात की गुन्हा कुठेही घडो, आरोपी कुठलाही असो, खटला चालवता येतो. जर्मनीत 2002 पासून असा कायदा आहे. सीरियात दमास्कसच्या कोठडीत चौकशीचं काम पाहणारा अधिकारी अन्वर रस्लान तिथे आश्रयाला आला, आणि कोब्लेंझच्या न्यायालयाने 13 जानेवारी 2022 रोजी मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी त्याला जन्मठेप दिली. ‘सीझर’ या टोपणनावाच्या माणसाने सीरियातून बाहेर काढलेल्या, कोठडीत मेलेल्यांच्या हजारो फोटोंचा त्या खटल्यात वापर झाला. मृतदेहांवर क्रमांक होते; नोकरशाही स्वतःच्याच नोंदीत सापडली. या रस्त्याचा उपयोग करायचा तर आरोपी आज कुठे राहतो, कुठे उपचारांना जातो, कुठे त्याची मालमत्ता आहे, याची माहिती गोळा करा आणि त्या देशातल्या युद्धगुन्हे तपास पथकाला द्या. समाजमाध्यमांवर जाहीर करू नका. तो दुसऱ्या दिवशी विमानात बसेल.

शस्त्रं पुरवणारी सरकारं हे आणखी एक दार, आणि ते फार कमी वेळा ठोठावलं जातं. जिनिव्हा करारांच्या पहिल्याच कलमात राष्ट्रं म्हणतात की आम्ही करार पाळू आणि पाळायला लावू. 2014 मध्ये अमलात आलेला शस्त्रव्यापार करार सांगतो की या शस्त्रांनी वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे किंवा ठरावीक युद्धगुन्हे होणार हे माहीत असेल तर परवाना देता येत नाही. ब्रिटनच्या अपील न्यायालयाने 20 जून 2019 रोजी ठरवलं की येमेनमधल्या युद्धासाठी सौदी अरेबियाला शस्त्रं देताना, आधीच्या हल्ल्यांत कायदा मोडला गेला का हे सरकारने तपासलंच नाही, आणि ते बेकायदा होतं. पुढच्या वर्षी सरकारने फेरआढावा घेऊन परवाने पुन्हा सुरू केले, हेही सांगायला हवं. तरी तेवढा काळ नवे परवाने थांबले, आणि ते थांबले एका संघटनेच्या याचिकेने. इथे उपयोगी पडतात ते बॉम्बचे तुकडे: त्यांवरचे क्रमांक, कारखान्याच्या खुणा. तुकडा हाताळू नका, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा.

सुरक्षा परिषदेचं दार शेवटी घेतोय ते मुद्दाम. सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच दमतात. रवांडात एप्रिल 1994 मध्ये कत्तल सुरू झाली तेव्हा संयुक्त राष्ट्रांची सुमारे अडीच हजारांची तुकडी तिथे होती. परिषदेने 21 एप्रिलला ती वाढवण्याऐवजी 270 वर आणण्याचा ठराव केला. शंभरेक दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. 2005 च्या जागतिक शिखर बैठकीत राष्ट्रांनी ‘रक्षणाची जबाबदारी’ मान्य केली ती या आठवणीतून. पण बळाचा वापर शेवटी परिषदेच्याच मंजुरीवर ठेवला. 2011 मध्ये लिबियाबाबत ती मिळाली, आणि नागरिकांच्या रक्षणासाठी दिलेला अधिकार सत्तापालटापर्यंत ताणला गेला, या तक्रारीने पुढची कित्येक वर्षं त्या तत्त्वाचं पाणी केलं. सैन्य पाठवा अशी मागणी करण्याआधी मी तरी दहादा विचार करीन.

परिषद अडली म्हणून सगळं अडत नाही. 22 मे 2014 रोजी सीरियाचं प्रकरण हेगकडे सोपवण्याच्या ठरावाला पंधरापैकी तेरा मतं मिळाली आणि रशिया व चीनच्या नकाराधिकाराने तो पडला. मग 21 डिसेंबर 2016 रोजी आमसभेने, जिथे नकाराधिकार नाही, पुरावे गोळा करून जपणारी स्वतंत्र यंत्रणा उभी केली. म्यानमारसाठी मानवी हक्क परिषदेने 2018 मध्ये तशीच केली. या यंत्रणा खटला चालवत नाहीत, फायली तयार ठेवतात. तुमच्या संघर्षासाठी अशी यंत्रणा किंवा चौकशी आयोग असेल तर पुराव्याची प्रत आधी तिथे द्या. नसेल तर मानवी हक्क परिषदेच्या सदस्य सरकारांकडे तीच मागणी करा. 47 पैकी 16 सदस्य तयार झाले तर परिषदेचं विशेष अधिवेशन बोलावता येतं.

पायरी 4: मागणी अरुंद ठेवा

आठ पानांचा संताप कुणी वाचत नाही. दोन पानं, आणि पहिल्याच परिच्छेदात मागणी. ‘हिंसा थांबवा’ याला होकार देणं फुकट असतं, म्हणून सगळे देतात. त्याऐवजी असं लिहा: ‘अमुक तुकडीने या तीन तारखांना या तीन ठिकाणी नागरिकांवर हल्ले केले, तपशील सोबत जोडला आहे. या तुकडीला आपल्या देशातून जाणाऱ्या सुट्या भागांचा परवाना स्थगित करावा आणि निर्णय लेखी कळवावा.’ याला नकार द्यायचा तरी कुणाला तरी सही करावी लागते. ती सही पुढे कामाला येते.

खात्रीचं, बहुधा खरं आणि केवळ ऐकीव, हे मजकुरात वेगळं दिसू द्या. आकडा नक्की नसेल तर ‘किमान इतके, नावांसह’ एवढंच लिहा. दोन्ही बाजूंच्या अत्याचारांची नोंद तुमच्याकडे असेल तर दोन्ही द्या. मोजमाप सारखं असण्याची गरज नाही, निकष सारखे हवेत.

पायरी 5: लांबच्या वाटेची तयारी

चाडचा हुकूमशहा हिसेन हाब्रे 1990 मध्ये सेनेगलला पळाला. त्याच्या तुरुंगातून वाचलेले सुलेमान गेंगेंग यांनी सोबत्यांचे शेकडो जबाब गोळा केले आणि परिस्थिती पुन्हा बिघडल्यावर ते कागद अनेक वर्षं घरात दडवून ठेवले. 2000 मध्ये तक्रार दाखल झाली. सेनेगलच्या न्यायालयांनी आपल्याला अधिकार नाही म्हटलं. पीडित बेल्जियमला गेले. 2001 मध्ये चाडच्या राजधानीत गुप्त पोलिसांच्या ओस पडलेल्या मुख्यालयात कागदांचे ढीग सापडले. त्यांत कोठडीत मेलेल्या किंवा मारलेल्या 1,208 जणांची नावं होती. बेल्जियमने सेनेगलला आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलं, आणि 20 जुलै 2012 रोजी न्यायालयाने सांगितलं: खटला चालवा, नाहीतर आरोपी सोपवा. 30 मे 2016 रोजी डाकारमधल्या खास न्यायालयाने हाब्रेला जन्मठेप दिली. तक्रारीपासून सोळा वर्षं.

तेवढा काळ तुमची फाइल टिकेल अशी सोय आजच करा. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या देशात. नावांची यादी आणि जबाब वेगवेगळ्या जागी कुलूपबंद. पासवर्ड एकट्याकडे नको, दोघांकडे. साक्षीदारांचे संपर्क दर सहा महिन्यांनी तपासा, कारण निर्वासितांचे फोन क्रमांक आधी बदलतात. आणि फाइलच्या पहिल्या पानावर लिहा की तुम्ही नसाल तर ती कुणाच्या हाती द्यायची.